एअर फ्रायरचा दशमांश

मावशी, सलाम.

मी पुण्यात वडगाव शेरीत राहते, वय ३८. घरी नवरा, अकरा वर्षांची मुलगी आणि सासूबाई. गेले चौदा महिने मला गिव्हअवेचा नाद लागलाय. इन्स्टाग्राम, फेसबुक, यूट्यूब, जिथे कुणी काही फुकट देत असेल तिथे मी. सुरुवात एका ख्रिस्ती पेजवरच्या बायबलच्या कव्हरपासून झाली. पहिल्याच खेपेला लागलं! मग मननाची वही, मुलांचं सचित्र बायबल, एक कुर्ती, प्लम केक आणि गेल्या महिन्यात चक्क एअर फ्रायर. सगळे झोपले की रोज दोन तास मी हेच करते. चार अकाउंट आहेत, त्यातलं एक मुलीच्या नावाने. महिला मंडळातल्या सगळ्या जणींना टॅग करते, कुणाची तक्रार नाही.

हे म्हणतात, हा जुगार आहे, आपल्या घरात नको. माझे सासरे खडकीच्या कारखान्यात होते. पगाराच्या दिवशी अर्धा पगार आकड्यावर जायचा, म्हणून ह्यांना त्या शब्दाचीच चीड. पण मी एक रुपया लावत नाही, मग जुगार कसला? आणि नाताळात चर्चच्या मंडळीच्या हाऊझीची, म्हणजे तंबोल्याची, तिकिटं हेच विकतात!

एअर फ्रायर लागल्यावर मी उपासनेत साक्ष दिली की प्रभूने माझी मागणी ऐकली. सगळे हालेलूया म्हणाले. मागच्या बाकावरच्या एक काकू मात्र नंतर म्हणाल्या, ‘‘पोराच्या नोकरीचं मी दोन वर्षं मागतेय गं. तुझं बरं लवकर ऐकलं.’’ ते मनातून जात नाही.

आणखी एक गोष्ट ह्यांना माहीत नाही. गेल्या आठवड्यात ‘तुम्ही जिंकलात’ असा मेसेज आला, कुरिअरचे ४९९ रुपये मागितले, मी भरले आणि पेज गायब झालं.

खेळावं की सोडावं? आणि पगाराचा दहावा भाग मंडळीला देतात तसा एअर फ्रायरचाही दशमांश द्यायचा असतो का? हसू नका.

– बक्षिसवेडी

•

अगं, हसले. दशमांशापाशी हसलेच, पण त्याचं उत्तर देणार आहे, शेवटी.

आधी ते ४९९ रुपये. हे वाचून झालं की १९३० ला फोन लाव. सायबर फसवणुकीसाठी सरकारने ठेवलेला हा नंबर आहे. पैसे गेले त्याच दिवशी केला असतास तर जास्त उपयोग होता, कारण लवकर कळलं तर पुढच्या खात्यात गेलेली रक्कम बँकेला अडवता येते. आता आठवडा उलटलाय, पैसे परत मिळतीलच असं मी म्हणणार नाही. तरी तक्रार कर. रक्कम इतकी लहान मागण्यामागे हिशोबच हा असतो की पाचशेसाठी कोण पोलिसांत जातंय.

ही चलाखी कशी चालते तेही समजून घे, म्हणजे स्वतःला बावळट म्हणणं थांबेल. खऱ्या गिव्हअवेखाली जितक्या बायकांनी कमेंट केलेली असते, तितक्यांची यादी चोराला आयती मिळते. तो त्या पेजचा फोटो उचलतो, नावात एखादं टिंब नाहीतर खालची रेघ जास्त घालतो आणि यादीतल्या प्रत्येकीला एकच मेसेज पाठवतो. तुला वाटलं तू निवडली गेलीस. निवडल्या सगळ्याच जणी गेल्या होत्या. इथून पुढे बक्षिसासाठी कुणी पैसे मागितले, मग ते कुरिअरचे असोत की नोंदणीचे, तिथेच थांबायचं. यूपीआयचा पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला कधीच लागत नाही, हे सासूबाईंनाही सांगून ठेव.

‘कर भरा’ असाही मेसेज येतो, आणि तो जास्त फसवा, कारण त्यात थोडं खरं असतं. सोडतीत १० हजारांहून मोठं बक्षीस लागलं तर त्यावर ३० टक्के कर कापावा लागतो. बक्षीस वस्तूच्या रूपात असेल तर कर भरला गेल्याची खात्री करूनच देणाऱ्याने ती वस्तू द्यायची असते. पण तो कर तुझ्या पॅनवर सरकारकडे जमा होतो आणि आयकर खात्याच्या नोंदीत तुला दिसतो. ‘अर्ध्या तासात ह्या नंबरवर टाका, नाहीतर बक्षीस दुसऱ्याला जाईल’ असं आयकर खातं करत नाही. निदान अजून तरी नाही.

आणि ही गोष्ट नवऱ्याला सांग. सासऱ्यांच्या आकड्याने तुझ्या सासूबाईंच्या संसारात पैशांचं जेवढं नुकसान केलं असेल, त्याहून जास्त लपवालपवीने केलं असेल, हे मी त्यांना न भेटताही सांगते. तुझ्या नवऱ्याने लहानपणी तेच पाहिलंय. त्याच्या घरात आज पुन्हा एक लपवलेला आकडा आहे, ४९९.

आता जुगाराचं. मी शाळेत होते तेव्हा, १९६९ साली, महाराष्ट्र राज्य लॉटरी सुरू झाली. लोकांनी मटक्याकडे जाऊ नये हा तिचा एक हेतू. माझे वडील शाळामास्तर, मंडळीच्या कामात पुढे, प्रवचनात जुगाराविरुद्ध बोलणारे. तरी महिन्याला एक तिकीट घ्यायचे आणि पवित्र शास्त्रात ठेवायचे, तेही ईयोबाच्या पुस्तकात, सगळं गमावून हाल सोसलेल्या आणि शेवटी दुप्पट परत मिळालेल्या माणसाच्या गोष्टीत. सोडतीचा निकाल पेपरात आला की आई ईयोब उघडायची आणि म्हणायची, ‘‘ह्यांना शेवटच्या अध्यायासारखं दुप्पट पाहिजे. मधले अध्याय नकोत.’’ तिकीट कधीच लागलं नाही. वडील जुगारी होते का? माझ्या लेखी नाही. पण पैसा लावत होते, हेही खरं.

तू पैसा लावत नाहीस. पैसा लावायचा, नशिबावर सोडायचं आणि दुसऱ्याच्या हरण्यातून जिंकायचं, असा जुगार असतो. गिव्हअवेत तुझ्या बक्षिसासाठी कुणाच्या पोराच्या फीचे पैसे गेलेले नाहीत. बेकरीवालीने केक जाहिरातीसाठी दिला, तिचा तो खर्च ठरलेलाच होता. तेव्हा तुझ्या नवऱ्याचा शब्द चुकीचा आहे. ह्या कसोटीला लावलं तर त्याच्या हाऊझीत तिकिटाला पैसे पडतात, म्हणजे जुगाराच्या जास्त जवळ तीच! (मीही खेळते. देणगी म्हणून तिकीट घेतलं असं स्वतःला सांगते, आणि एका नंबरासाठी ‘अर्ली फाइव्ह’ हुकली की देणगीदारासारखी अजिबात वागत नाही.)

चिठ्ठी टाकण्याचं तर आपल्या शास्त्राला वावडं नाही. वचनदत्त देशाची वाटणी चिठ्ठ्यांनी झाली. प्रभूचा विश्वासघात करणाऱ्या यहूदाच्या जागी मत्थिया प्रेषित म्हणून आला तो चिठ्ठी निघूनच. प्रेषितांच्या कृत्यांचा पहिलाच अध्याय. नीतिसूत्रांच्या सोळाव्या अध्यायाच्या शेवटी म्हटलंय की चिठ्ठी पदरात टाकतात, निर्णय परमेश्वराकडून होतो. हे वचन तुला पाठ असणार, गिव्हअवेवाल्या ख्रिस्ती पेजांचं ते लाडकं आहे.

पण आणखी एका ठिकाणी चिठ्ठ्या पडल्या, ते ही पेजं टाकत नाहीत. वधस्तंभाखाली. प्रभूचा झगा वरपासून खालपर्यंत एकसंध विणलेला होता, फाडला तर वाया गेला असता, म्हणून शिपायांनी त्यावर चिठ्ठ्या टाकल्या. योहान, एकोणिसावा अध्याय. त्या दुपारी चौघांपैकी एकाला तो झगा लागला. सोडत सरळ झाली, फसवाफसवी काही नाही. घरी जाऊन त्याने बायकोला दाखवलाही असेल, बघ काय लागलं! त्याला कुणी आशीर्वादित म्हणेल का?

तुझ्या साक्षीचं मला जे खुपलं ते इथे आहे. आभार तू मनातून मानलेस, त्यात खोट नाही. एअर फ्रायर लागल्याचा आनंद प्रभूपाशी बोलायचा नाही तर कुणापाशी बोलायचा? पण उपासनेत उभं राहून ‘माझी मागणी ऐकली’ म्हटलंस तेव्हा त्या वाक्याचा दुसरा अर्धा भाग मागच्या बाकावर जाऊन पडला. काकूंनी तो स्वतःच पुरा केला: माझी नाही ऐकली. दोन वर्षं मागणाऱ्या बाईसमोर ते मोजमाप ठेवायला नको होतं. लागलं म्हणजे देवाची मर्जी आणि नाही लागलं म्हणजे नामर्जी, हा हिशोब ज्योतिषाच्या दारात शोभतो.

आता मला ज्याबद्दल खरं बोलायचंय तिकडे येते. तू म्हणतेस, एक रुपया लावत नाही. बरोबर. मग लावतेस काय?

आठव, गेल्या चौदा महिन्यांत किती पेजांखाली ‘तुमचं काम मला फार आवडतं’ असं लिहिलंस? त्यातल्या किती पेजांवरची एक तरी पोस्ट पूर्ण वाचली होतीस? किती वेळा ‘आमेन लिहा आणि तीन मैत्रिणींना टॅग करा’ ही अट पाळलीस? चार अकाउंटांवरून चार वेळा आमेन. हा हिब्रू शब्द आहे. त्याच्या मुळाशी ‘पक्कं, भरवशाचं’ असा भाव. लहान मुलीच्या शवपेटीपाशी उभं राहून आपण तो म्हणतो, प्रभुभोजनाला म्हणतो, लग्नात म्हणतो. त्याचं कूपन करायचं? तेही सिलिकॉनच्या केकच्या भांड्यासाठी? प्रभूने डोंगरावर सांगितलं, तुमचं होय ते होय असू द्या आणि नाही ते नाही. पैसा तर लोक जपूनच लावतात. तू तुझं ‘होय’ लावतेस, रोज रात्री चाळीसदा, आणि ते संपत नाही म्हणून फुकट आहे असं तुला वाटतं.

ख्रिस्ती पेजांवर मी जास्त चिडले असेन, तर त्याला कारण आहे. कुर्तीवाल्याला गिऱ्हाईक हवंय, तो तसं म्हणतो, आणि त्याने ‘लाइक करा’ म्हटलं तर मला राग नाही. पण वचनाचं चित्र लावून खाली आमेनची रांग लावायची आणि वाढलेले फॉलोअर उद्या जाहिरातदाराला दाखवायचे, हे पाहिलं की मला प्रभूने मंदिराच्या अंगणातून हाकलून दिलेले सराफ आठवतात. सगळी अशी नसतात, हेही सांगते. काही प्रकाशनं आणि सेवाकार्यं साधं नाव आणि पत्ता घेऊन पुस्तकं देतात. ‘मागच्या महिन्यात काय वाचलंत?’ असा प्रश्न विचारून कमेंटमधून एकीला निवडणारीही आहेत. अशा ठिकाणी जरूर जा. खरं उत्तर लिही, निवड झाली नाही तरी दहा बायकांनी काय वाचलं ते कळतं.

मैत्रिणींच्या टॅगचं. ‘कुणाची तक्रार नाही’ म्हणतेस. महिला मंडळातल्या बायका तक्रार करत नाहीत, त्या नोटिफिकेशन बंद करतात आणि चहाच्या वेळी दुसऱ्या टेबलावर बसतात. त्यांची नावं तुझ्या मालकीची नाहीत. शिवाय तू टॅग केलेली प्रत्येक जण त्या चोराच्या यादीत जाते, हे ४९९ च्या अनुभवानंतर मी वेगळं सांगायला नको. फेसबुकच्या स्वतःच्या नियमांनुसारही मित्रांना टॅग करणं किंवा आपल्या टाइमलाइनवर शेअर करणं ही भाग घेण्याची अट ठेवता येत नाही. सर्रास ठेवतात ती गोष्ट निराळी. पण अशी अट दिसली की इतकं ओळखायचं, एकतर ह्यांनी नियम वाचले नाहीत, नाहीतर वाचून सोडून दिलेत.

मुलीचं अकाउंट आजच बंद कर. ह्यावर चर्चा नको. इन्स्टाग्रामला तेरा वर्षं पूर्ण लागतात, तुझी मुलगी अकराची. म्हणजे तिथे तिचं वय खोटं लिहिलंय आणि ते तिच्या आईने लिहिलंय. ‘एका व्यक्तीला एकच प्रवेश’ असं जिथे म्हटलेलं असतं तिथे चार अकाउंटांनी शिरणं ही सरळ चोरी आहे. रक्कम लहान असेल, पण ज्या बाईने एकदाच नाव टाकलं तिच्या वाट्यातून तू तीन घास काढलेस. उरलेली दोनही बंद कर.

इतकं बोलले म्हणजे मला ह्यातली गंमत कळत नाही असं समजू नकोस. दुपारी दीडला बेल वाजते, कुरिअरवाला तुझं नाव विचारतो, खोक्यावर तुझंच नाव असतं. घरात येणारी बाकी सगळी खोकी नवऱ्याच्या नाहीतर मुलीच्या कामाची, हे एक फक्त तुझं. आयुष्यभर यादी करून, भाव करून, कुठे दोन रुपये कमी मिळतात ते बघून वस्तू आणणाऱ्या बाईच्या घरी एक वस्तू मागे हिशोब न लावता येते, ह्याचं सुख मी पुरतं ओळखते. तुझ्या मुलीला ते सचित्र बायबल मिळालं तेव्हा तिने रात्री वाचून काढलं असेल. अशा गिव्हअवेतूनच मला एकदा एका छोट्या बेकरीवालीचा पत्ता मिळाला होता. लागलं काहीच नाही, पण तेव्हापासून नाताळचा केक तिच्याकडचा असतो आणि आता आमची वर्षातून चार वेळा गप्पांची ओळख आहे. कॅम्पातल्या बेकरीच्या रांगेत उभं राहायचं वाचलं, ते वेगळं.

आता पुणेरी हिशोब करू, चालेल? बक्षिसांच्या किमती मी अंदाजाने धरते. एअर फ्रायर साडेपाच हजार, सचित्र बायबल बाराशे, कुर्ती आठशे, केक सातशे, कव्हर साडेचारशे, वही साडेतीनशे. झाले ९,०००. त्यातून गेलेले ४९९ वजा, म्हणजे साडेआठ हजार. चौदा महिने, रोज दोन तास, म्हणजे साधारण ८४० तास. तासाला दहा रुपये पडले. लक्ष्मी रोडवर ह्या भावात कुणी पिशवी धरून उभंसुद्धा राहत नाही. तुझ्या झोपेची किंमत ह्यात धरलेलीच नाही.

म्हणून सोड असं म्हणत नाही, माप ठेव म्हणते. आठवड्यात एक दिवस, अर्धा तास, दिवसाउजेडी, दिवाणखान्यात, नवऱ्यासमोर. एक अकाउंट. जे लिहिशील ते खरं. ज्या मैत्रिणीला ती वस्तू खरंच हवी असेल तिला आधी विचारून टॅग. आमेन फक्त प्रार्थनेला. एखाद्या कंपनीची स्पर्धा असेल आणि निकालच लागला नाही, तर ‘कोण जिंकलं?’ असं उघड विचार. विक्री वाढवण्यासाठी स्पर्धा ठेवून निकाल सहभागी लोकांपासून दडवणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरवलेली आहे. पुणेकर असून प्रश्न विचारायला लाजायचं म्हणजे काय!

एवढं करून पंधरा दिवसांत हात पुन्हा रात्री फोनकडे गेला, ‘शेवटचे दोन तास’ हे शब्द दिसले की छाती धडधडली, नवरा आत आला की स्क्रीन पालथी ठेवावीशी वाटली, तर मात्र पूर्ण बंद कर आणि पाळकबाईंशी बोल. तेव्हा तुझ्या नवऱ्याने वापरलेला शब्द बरोबर ठरलेला असेल आणि पैसा लावला की नाही ह्याने फरक पडणार नाही.

राहिला दशमांश. एअर फ्रायरचा दहावा भाग कापून अर्पणाच्या थाळीत टाकता येत नाही, आणि साडेपाचशे रुपये टाकायचे असतील तर टाक, मंडळीच्या खजिनदाराची हरकत नसेल. पण तू दिलंस काय, ह्याचा दशमांश काढू. तू रोज दोन तास देत होतीस. एकशेवीस मिनिटं. दहावा भाग झाला बारा मिनिटं.

बारा मिनिटांत एक फॉर्म आरामात भरून होतो. चौदा महिने तू नाव, पत्ता, मेल, पिनकोड, अट क्रमांक तीन, शेवटची तारीख ह्यातच हात बसवलास. एवढी तयार बाई मला आख्ख्या मंडळीत दुसरी दिसत नाही. रविवारी उपासना सुटल्यावर काकूंपाशी जा, साक्षीचा विषय काढू नकोस. एअर फ्रायरमधले कटलेट डब्यात ने आणि त्यांच्या मुलाचा बायोडेटा मागून घे. खराडी, हिंजवडी, चाकण, जिथे जिथे जागा निघेल तिथे रोज एक अर्ज त्याच्याबरोबर बसून भर. चार मैत्रिणींच्या नवऱ्यांना विचारायचं असेल तर विचार, त्यासाठी केलेल्या टॅगवर मी काही बोलणार नाही.

पण कटलेटची पहिली खेप नवऱ्याला दे, आज रात्री, ४९९ चं सांगण्याआधी.

– मावशी